नदींतील खडक आणि पुराचा अंदाज

पावसाळा आला कीं प्रत्येक शेतकरी आकाशाकडे पाहूं लागतो, व तें योग्यच आहे. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत ज्या बंधूंच्या जमिनी वैनगंगा, वर्धा, प्राणहिता, इंद्रावती किंवा गोदावरी यांच्या कांठीं आहेत, त्यांस केवळ आपल्या डोक्यावरील आकाश पाहून भागत नाहीं. महसुली कारकुनींत असतांना आम्हीं पुराच्या नुकसानीचे पंचनामे पुष्कळ लिहिले. त्या कागदांत जबाब देणाराचें नांव बदले, गांव बदले, गेलेल्या जनावरांची व पंपांची संख्या बदले; एक वाक्य मात्र बहुधा बदलत नसे : "पाणी अचानक आलें." तें आम्ही जसेंच्या तसें उतरून घेत असूं. आज विचार करितां वाटतें कीं, जें पाणी दुसऱ्या प्रांतांतून निघून आपल्या बांधीपर्यंत चालत आलें, तें अचानक कसें म्हणावें? तें निघालेलें होतें. आपणांस वर्दी नव्हती, इतकेंच. ही वर्दी कशी मिळवावी, याचा खुलासा या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

दूरचें पाणी व जवळचा खडक

प्रथम समुद्राचें उदाहरण घेऊं, कारण हा न्याय तेथें फार स्पष्ट दिसतो. किनाऱ्याच्या खडकावर जी लाट फुटते ती त्या खडकापाशीं जन्मत नाहीं. शेंकडों, कधीं हजारों मैलांवर वादळ होतें. तेथील वाऱ्यानें उठलेल्या लाटा दिवसानुदिवस चालत किनाऱ्यास येतात. खोल पाण्यांत त्यांचा उपद्रव जाणवत नाहीं. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट इतकीच उरली, कीं लाटेचा पाय अडखळतो, माथा पुढें झुकतो व ती फुटते. सहा फूट उंचीची लाट साधारणतः साडेसात-आठ फूट पाण्यांत फुटते ती याच कारणानें. केरळाच्या किनाऱ्यावर कधीं कधीं आकाश निरभ्र व वारा शांत असतांहि एकाएकीं मोठ्या लाटा कोळ्यांच्या घरांत शिरतात. तेथील लोक त्यास 'कळ्ळक्कडल', म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, असें म्हणतात. त्या लाटा दक्षिणेकडील महासागरांतील वादळांतून निघालेल्या असतात. हैदराबादेस १९९९ सालीं स्थापन झालेलें महासागर माहिती सेवेचें राष्ट्रीय केंद्र आतां त्यांची सूचना आगाऊ देतें. असा अंदाज दोन गोष्टींवर बांधला जातो : दुरून काय निघालें आहे, आणि आपल्या किनाऱ्यापाशीं तळ कसा आहे. नदीच्या पुरासहि हाच न्याय लागू आहे.

देवलमरीचा खडक

अहेरी तालुक्यांत देवलमरी येथें प्राणहितेच्या पात्रांत खडकांचा मोठा अडथळा आहे. सर आर्थर कॉटन, ज्यांनीं १८४७ ते १८५२ या काळांत धवळेश्वरम् येथें गोदावरीवर बंधारा बांधिला, यांनीं समुद्रापासून वर्धा नदीपर्यंत नावांचा मार्ग करण्याचा आग्रह धरिला होता. वऱ्हाड-नागपुराकडील कापूस जलमार्गानें समुद्रावर न्यावा, हा त्यांतील एक मुख्य हेतु. कॅप्टन हेग या इंजिनियराकडे तें काम होतें. या मार्गांत खडकांचे तीन अडथळे मोजले गेले : पहिला दुम्मागुडेमचा, दुसरा इंद्रावतीच्या संगमाच्या बाजूस इंचमपल्लीचा, आणि तिसरा आपल्या देवलमरीचा. पुष्कळ पैसा खर्च झाल्यावर १८७१ सालीं तें काम सोडून देण्यांत आलें. पुढें रेल्वे आली व नावांची गोष्ट मागें पडली. खडक मात्र जेथल्या तेथें आहेत, आणि डोंगे चालविणारे आपले ढिवर बांधव पाण्याची पातळी पाहून त्यांच्याशीं वागत आले आहेत.

नदी व समुद्र यांत एक भेद ध्यानांत ठेवावा. समुद्रांत लाट पुढें चालते व पाणी बहुतांशीं जागच्या जागीं हेलकावतें. नदींत पाणी पुढें चालतें व खडकापाशीं लाट जागच्या जागीं उभी राहते. म्हणून वाहत्या नदींत एकाच ठिकाणीं उभी असलेली लाट दिसली, कीं तिच्या वरच्या अंगास तळाशीं खडक आहे असें समजावें.

अशा खडकाच्या तीन अवस्था असतात. पहिली उन्हाळ्याची : खडक उघडे असतात, पाणी फटींतून वाहतें. दुसरी मध्यम पाण्याची : पाणी खडकांवरून उड्या घेतें, फेंस होतो व आवाज दूरवर ऐकूं येतो. या वेळीं पाण्याची गुळगुळीत जीभ निमुळती होत खालच्या दिशेस जाते, तेथें मोकळी वाट असते. उलट जेथें टोंक वरच्या दिशेस असून पाणी दोहों अंगांस फांकतें, तेथें खडक असतो. खडकाच्या पाठीशीं वरवरचें पाणी मागें, म्हणजे खडकाकडेच, वळतें. त्यांत सांपडलेला डोंगा किंवा मनुष्य सहसा सुटत नाहीं.

तिसरी अवस्था मोठ्या पुराची. खडक खोल बुडतात, फेंस नाहींसा होतो, आवाज मंदावतो व नदी वरून सपाट दिसूं लागते. "खडक शांत झाले, आतां डोंगा सोडावा," असा मोह याच वेळीं होतो. आणि हीच वेळ अत्यंत घातक होय. पाण्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा रेटा चौपट होतो, हा नियम आहे. म्हणून कांठच्या गांवकऱ्यांनीं ही खूण मनांत ठेवावी : आपल्या गांवीं पाऊस नसतांना खडकाचा नेहमींचा आवाज एकाएकीं बसला, तर नदी उतरली असें न मानतां, पाणी चढलें काय तें आधीं जाऊन पाहावें.

पाणी कोठून निघतें

वैनगंगा मध्यप्रदेशांत शिवनी जिल्ह्यांत उगम पावते, व वर्धा बैतूल जिल्ह्यांत मुलताईच्या बाजूस. चपराळ्याजवळ दोघी मिळून प्राणहिता होते. पैनगंगेसह या सर्वांचें पाणलोट क्षेत्र सुमारें १ लक्ष ९ हजार चौरस किलोमीटर आहे. त्यांतील अवघ्या १००० चौरस किलोमीटर भागावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर १० कोटी घनमीटर पाणी पडतें. जमीन आधींच भिजलेली असेल, तर त्यांतील बराच भाग नदींत उतरतो. यावरून सिरोंच्याच्या शेतकऱ्यास शिवनीच्या पावसाची चौकशी कां करावी लागते, हें दिसेल.

हा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरांत निर्माण होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांबरोबर येतो. ते ओडिशा व छत्तीसगड यांवरून पश्चिम-वायव्येस सरकतात, आणि त्यांच्या मार्गाच्या डाव्या, म्हणजे दक्षिणेकडील, अंगास पाऊस अधिक पडतो. मार्ग आपल्या उत्तरेकडून गेला, तर गडचिरोली बरेचदां त्या अंगास सांपडते. उपसागरांत असा पट्टा झाल्याचें वृत्त ऐकतांच कांठच्या शेतकऱ्यानें तयारीस लागावें. मेघ दिसण्याची वाट पाहूं नये.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्यप्रदेशांत अतिवृष्टि झाली. वैनगंगेवरील संजय सरोवर, व पुढें पवनी तालुक्यांतील गोसीखुर्द धरण, यांतून मोठा विसर्ग करावा लागला. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत, तसेंच ब्रह्मपुरी व वडसा या बाजूस, नदीकांठचीं गांवें व धानाचीं शेतें पाण्यांत गेलीं. त्या पुराचें मूळ ब्रह्मपुरीच्या आकाशांत नव्हतें, तें शिवनी-बालाघाटच्या आकाशांत होतें.

आंकड्यांचा अर्थ

हवामान खात्याच्या भाषेंत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, व त्याहून अधिक म्हणजे अत्यंत मुसळधार होय. पिवळा, नारिंगी व लाल हे इशाऱ्याचे चढते रंग आहेत. नागपूरच्या प्रादेशिक केंद्राचा अंदाज वाचतांना आपल्याच जिल्ह्याची ओळ पाहून थांबूं नये. शिवनी, बालाघाट, भंडारा, गोंदिया यांच्या ओळीहि पाहाव्या. इंद्रावतीकांठच्यांनीं बस्तरची ओळ पाहावी.

धरणाच्या विसर्गाची बातमी ऐकतांना एक घोटाळा नेहमीं होतो. क्युमेक म्हणजे सेकंदास एक घनमीटर, व क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट. एका क्युमेकांत सुमारें ३५.३ क्युसेक बसतात. ४००० क्युमेक म्हणजे १ लक्ष ४१ हजार क्युसेक होतात. परंतु तोच आंकडा कोणी क्युसेक समजून ऐकला, तर मोठा पूर त्यास ओढ्याएवढा वाटेल. गोसीखुर्दास ३३ दारें आहेत. किती दारें उघडलीं एवढेंच न विचारतां, किती उघडलीं व विसर्ग किती, हें विचारावें.

केंद्रीय जल आयोग आष्टी, टेकरा इत्यादि ठिकाणीं नदीची पातळी मोजतो. इशारा पातळी व धोका पातळी असे दोन आंकडे ठरलेले असतात. सांप्रतची पातळी त्यांच्या किती खालीं आहे, आणि ती चढती आहे कीं उतरती, या दोन गोष्टी एकत्र वाचाव्या. 'फ्लडवॉच इंडिया' या भ्रमणध्वनीवरील सोयींत ही माहिती मिळते.

खालून येणारें पाणी

पाणी वरूनच येतें असें नाहीं. मोठी नदी भरली कीं ती लहान नदीचें तोंड अडविते, व लहान नदीचें पाणी मागें फुगतें. भामरागडास पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती एकत्र येतात; इंद्रावती चढली कीं पर्लकोटेच्या पाण्यास वाट राहत नाहीं, आणि अनेक पावसाळ्यांत भामरागडचा मार्ग तुटला आहे. सिरोंच्यास प्राणहिता व गोदावरी यांचा असाच संबंध आहे. जुलै २०२२ मध्यें गोदावरीचें पाणी खालीं भद्राचलम् येथें ७१ फुटांवर गेलें. त्याच वेळीं सिरोंचा तालुक्यांतील कांठच्या गांवांतून लोकांस हलवावें लागलें. तेथून जवळच २०१९ सालीं सुरू झालेल्या मेडीगड्डा बंधाऱ्यामुळें जमिनी बुडाल्याची तक्रार सिरोंच्याचे शेतकरी करीत आले आहेत. तात्पर्य, संगमाजवळच्या शेतकऱ्यानें वरच्या व खालच्या दोन्ही नद्यांची खबर ठेवावी. शेताजवळचा नाला नदीकडे वाहावयाचा थांबला किंवा मागें वाहूं लागला, तर मोठी नदी चढत आहे याची ती खात्रीची खूण समजावी.

काय करावें

एक. मृगापूर्वीं कांठावरील पक्क्या खडकावर किंवा जुन्या झाडावर फूट-फूट अंतरानें रंगाच्या रेघा ओढाव्या. पूर चढतांना दर तासास किती बोटें पाणी चढलें, तें पाहावें. काडीकचरा, ओंडके व फेंस दाटून येऊं लागले, तर नदी चढती आहे असें जाणावें.

दोन. एक वही ठेवावी. धरणाच्या विसर्गाची वार्ता कोणत्या दिवशीं व कोणत्या तासास कळली, आंकडा काय होता, आपल्या रेघेस पाणी कितव्या तासास लागलें व कोठवर चढलें, हें तींत लिहावें. पाणी येण्यास किती तास लागतात तें प्रत्येक गांवाचें निराळें असतें, आणि पात्र आधींच भरलेलें असल्यास तो वेळ बदलतो. म्हणून दुसऱ्याच्या सांगण्यावर न जातां आपलाच हिशेब तयार करावा. चार-पांच पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या, कीं त्या वहीची किंमत कळेल.

तीन. इशारा मिळतांच नदीवरील पंप दिवसाउजेडीं उचलावा, गुरें उंचावर न्यावीं, व युरिया देणें लांबणीवर टाकावें. बांधींतून पाणी वाहून गेलें तर खताचा पैसाहि त्याबरोबर जातो. पऱ्ह्यांपैकीं कांहीं भाग उंच जागीं राखून ठेविला, तर बुडालेल्या बांधींत पुन्हां रोवणी करितां येते. ज्या जमिनी वरचेवर बुडतात तेथें, २००९ सालीं प्रसारित झालेल्या 'स्वर्णा सब-१' या वाणाचा विचार करावा. रोवणी जगल्यावर हें धान सुमारें दोन आठवडे पाण्याखालीं तग धरूं शकतें.

चार. चढत्या नदींत डोंगा सोडूं नये, व रपट्यावरून पाणी वाहत असतां गाडी घालूं नये. दोन फूट वाहतें पाणी मोटारीसहि उचलतें. पलीकडचा बाजार, पलीकडचे सोयरे, पलीकडची मजुरी, हीं सर्व कामें एक दिवस थांबूं शकतात. आम्हीं लिहिलेल्या कागदांत गेलेल्या पिकाची व गुरांची भरपाई नियमाप्रमाणें मिळाल्याच्या नोंदी आहेत. माणूस गेलें तेथेंहि रक्कम लिहिलेली आहे. पण ती घेण्यास घरचे कचेरींत आले, तेव्हां त्यांच्याकडे पाहवत नसे.

ज्या बंधूंनीं आपल्या कांठच्या पाण्याची अशी वही ठेविली असेल, किंवा यंदा ठेवतील, त्यांनीं दिवाळीनंतर तिची नक्कल मासिकाकडे अवश्य पाठवावी. वरच्या गांवाची नोंद खालच्या गांवाच्या उपयोगीं पडेल, व वैनगंगेपासून सिरोंच्यापर्यंतचा एक हिशेब आपणां सर्वांस मिळून जुळवितां येईल.