डिजिटल चित्रकलेची तंत्रे (लेखांक ७) : खाडीतला गिऱ्हा

कोकणच्या लोकसमजुतीत गिऱ्हा हे पाण्यात राहणारे भूत होय. बुडून मेलेल्या माणसाचे हे भूत रात्री पाण्याच्या काठाने जाणाऱ्याला हाक मारून भलत्या वाटेला लावते आणि या भुताच्या डोक्यावरचा केस ज्याच्या हाती लागतो त्याचे ते दास बनते, असे मानले जाई. नाशिकला १९०९ साली अनंत कान्हेरे यांच्या गोळीने मारले गेलेले कलेक्टर जॅक्सन यांनी शाळामास्तरांकडून अशा समजुती लिहवून घेतल्या होत्या. त्या सामग्रीवरून एन्थोवन या ब्रिटिश अधिकाऱ्याने सिद्ध केलेला लोकसमजुतींच्या नोंदींचा कोकणचा खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात वेताळ, मुंजा, खवीस, झोटिंग यांच्या पंक्तीत गिऱ्ह्यालाही जागा मिळाली. या समजुतींत गिऱ्ह्याची करणी ठसठशीत असली तरी रूप मोघमच राहते, आणि चित्रकाराला वाव मिळतो तो नेमका तेथे.

हे रूप परदेशी भयपटांतून उसने आणण्याची काहीच गरज नाही. पनवेलजवळ गाढी नदी जेथे खाडीला मिळते त्या परिसरात, ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलात, तिवराची श्वसनमुळे, म्हणजे हवा घेण्यासाठी जमिनीतून सरळ वर येणारी बोटभर जाडीची मुळे, शेकड्यांनी उभी दिसतात. गिऱ्ह्याचे केस असेच ताठ, चिखलाने माखलेले आणि मुळांपासून वेगळे ओळखता न येणारे असावेत. त्याच चिखलावर सरपटणाऱ्या निवटी या मासळीचे डोळे डोक्याच्या माथ्यावर असतात आणि ओल्या त्वचेतूनही तिचा श्वास चालतो. माणसाच्या चेहऱ्यात केवळ डोळ्यांची जागा एवढी वर सरकवली, तरी रक्त आणि सुळे यांनी साधत नाही अशी अस्वस्थता निर्माण होते.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात रंगाने नव्हे तर छटेने करावी. छटा म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाची पातळी. संगणक ती बहुधा ० ते २५५ या अंकांत मोजतो. फोटोशॉपमध्ये १९९४ साली आलेल्या ‘लेअर’ या सोयीमुळे चित्राचे भाग एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे सुटे राहतात, त्यामुळे पाणी, आकृती आणि धुके वेगवेगळ्या लेअरवर ठेवून प्रत्येकावर निर्धास्तपणे प्रयोग करता येतात. सावलीसाठी ‘मल्टिप्लाय’ हा मिश्रणप्रकार वापरतात. त्यात वरच्या आणि खालच्या छटांचे अंक गुणून २५५ ने भागले जातात, म्हणून १२८ वर १२८ ठेवल्यास सुमारे ६४ उरतात, तर पांढऱ्याने खालच्या छटेत काहीच बदल होत नाही. सावली आकृतीबाहेर सांडू नये म्हणून ‘क्लिपिंग मास्क’ लावतात, म्हणजे वरच्या लेअरवरचे रंगकाम खालच्या आकाराच्या हद्दीतच दिसते.

त्वचेसाठी चिखलाचे छायाचित्र कृष्णधवल करून त्यापासून स्वतःचा ब्रश घडवणे हा सर्वांत फलदायी प्रयोग आहे. मात्र ठशाचा कोन आणि आकार प्रत्येक वेळी थोडा बदलेल अशी मांडणी केली नाही, तर तोच नमुना पुन्हा पुन्हा उमटून त्वचा छापील कापडासारखी दिसू लागते. ओलेपणा येतो तो चकाकी सर्वत्र पसरवल्याने नव्हे, तर डोळ्याच्या कडेला, खांद्याच्या उंचवट्यावर अशा दोनतीन ठिकाणी लहान, कडक कडांचे उजळ ठिपके ठेवल्याने. उरलेल्या कडा पार्श्वभूमीत विरू द्याव्यात. ‘कलर डॉज’ या उजळवणाऱ्या मिश्रणप्रकाराचा मोह अशा वेळी आवरावा, कारण झगमगणारा गिऱ्हा खाडीचा राहत नाही, तो जाहिरातीचा होतो. पाण्याखाली नेमके किती शरीर आहे हे प्रेक्षकाला कळता कामा नये. चित्राचे खरे यश या एका निर्णयावर ठरते.

क्रिटा ही प्रणाली विनामूल्य आहे आणि वर सांगितलेले सारे तिच्यात करता येते, फक्त क्लिपिंग मास्कचे काम तेथे ‘इन्हेरिट अल्फा’ या सोयीने होते. पुढील लेखांकात पिंपळावरच्या मुंजाच्या निमित्ताने रंगयोजनेचा विचार होईल. तोपर्यंत वाचकांनी आपला गिऱ्हा केवळ करड्या छटांत पूर्ण करून ठेवावा.