वेम्बलीवर बिलीची ड्यूटी

28 एप्रिल 1923, शनिवार. लंडनच्या वायव्येला वेम्बलीचं स्टेडियम चारच दिवसांपूर्वी बांधून पुरं झालंय. काम 300 दिवसांचं, खर्च साडेसात लाख पाउंड. आज इथला पहिलाच सामना. इंग्लंडच्या एफए कप फुटबॉलची फायनल, बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड.

सकाळी 11.30
फाटकं उघडली. बसायच्या जागांची तिकिटं आधी विकलीत. उभ्याने बघणाऱ्यांनी दारावर पैसे टाकायचे आणि आत शिरायचं. गेल्या वर्षी स्टॅम्फर्ड ब्रिजवरच्या फायनलला 53,000 माणसं होती. इथं सव्वा लाखाच्या वर मावतात. एवढं मोठं मैदान भरेल कसं, हीच आयोजकांना काळजी. पण वेस्ट हॅम लंडनचाच संघ. शनिवारचा दिवस, हवा चांगली, स्टेशन जवळ. पूर्व लंडनची कष्टकरी वस्ती घराबाहेर पडलीय.

कॉन्स्टेबल जॉर्ज स्कोरीची नेमणूक इथं नाही. हा घोडेस्वार पोलीस, आधी घोडदळातला. त्याचा घोडा बिली, रंगाने करडा. पोलीस घोड्याचं काम तबेल्यातच सुरू होतं. शेण काढा, पाणी दाखवा, तोबरा चढवा, मग खरारा. करड्या घोड्याला खराऱ्याची मेहनत जास्त, कारण शेणाचा बारीकसा डागही लपत नाही. मग जीन, तंग, रिकिबी. या कामाचा पगार? 1919 पासून इंग्लंडात साध्या शिपायाला आठवड्याला 70 शिलिंग, वाढत वाढत 90. 20 शिलिंगांचा एक पाउंड. आज खेळणाऱ्या फुटबॉलपटूंनाही क्लब आठवड्याला 8 पाउंडांपेक्षा जास्त पगार देऊ शकत नाही, तसा नियमच आहे.

दुपारी 1.45
मैदान भरलं. फाटकं बंद करायचा हुकूम सुटला. पण गाड्या भरभरून येतच आहेत. मागच्याला पुढचं काय कळणार? बोल्टनच्या खेळाडूंची बसच गर्दीत अडकली. शेवटचा मैलभर ते चालत आले.

दुपारी 2.15
बाहेरच्या लोंढ्यापुढं अडसर टिकले नाहीत. कुणी भिंतीवरून चढतंय, कुणी फाटकावरून. मागून रेटा आला की पुढच्या रांगेपुढं दोनच वाटा, चिरडून घ्या नाहीतर कठड्यावरून गवतावर उड्या टाका. माणसं गवतावर आली. याला दंगा म्हणणं अन्यायाचं आहे. जीव वाचवायला दुसरी जागाच नव्हती. थोड्याच वेळात हिरवं काही दिसेना. गोलच्या जाळीपर्यंत नुसत्या टोप्या.

जादा पोलिसांना बोलावणं गेलं. त्यात स्कोरी आणि बिली.

दुपारी 2.45
राजे पाचवे जॉर्ज येऊन बसले. बँडने राष्ट्रगीत धरलं, गर्दीनेही म्हटलं. पण जागचं कुणी हललं नाही. हलायला जागा होती कुठं?

दुपारी 3.00
सामन्याची वेळ. मैदानात माणसंच माणसं.

इथून पुढचं काम जवळून बघण्यासारखं आहे. स्कोरी गोलच्या बाजूने सुरुवात करतो. काठी उगारत नाही. बिली नाकाने हलकेच ढकलतो, मग आडवा होऊन अंग आणि शेपटी लावतो. सुमारे अर्ध्या टनाचं जनावर पोरासोरांच्या पायांमधून टापा उचलतंय. टाप चुकीच्या जागी पडली तर कुणाचं तरी पाऊल गेलं. स्कोरी पुढच्यांना सांगतो, हात धरा, साखळी करा, मागं रेटा. एक पाऊल. पुन्हा एक. मॅच बघायचीय ना, मग सरका. आधी गोलरेषा मोकळी होते. मग बाजूची रेषा, हात दोन हात करत. लगाम सैल, आवाज चढलेला नाही. खेळाडूही मागं सरकायची विनवणी करत फिरतायत. आणखी घोडेस्वार आहेत, पायी शिपाई आहेत. सगळ्यांचं हेच चाललंय.

दुपारी 3.44
चव्वेचाळीस मिनिटं उशिरा शिट्टी वाजली. दोन मिनिटांत बोल्टनच्या डेव्हिड जॅकचा गोल. जाळीमागं दाटून उभ्या असलेल्या एका प्रेक्षकाला तो फटका बसला आणि तो आडवा झाला. थोड्या वेळाने गर्दी पुन्हा आत आली, घोडे पुन्हा कामाला लागले. मध्यंतरात खेळाडू मैदानातच थांबले. ड्रेसिंग रूमपर्यंत वाटच नव्हती. उत्तरार्धात दुसरा गोल. बोल्टन 2, वेस्ट हॅम 0.

सामन्यानंतर
आकडा लागला 1,26,047. खरी माणसं दोन लाखांच्या वर असावीत, असा तेव्हाच्या बऱ्याच लोकांचा अंदाज. शेकडो जखमी झाले, बहुतेक किरकोळ. गेटचे जमले 27,776 पाउंड. तिकीट असून जागेपर्यंत पोचता न आलेल्यांना त्यातला दहावा हिस्सा परत करावा लागला. पुढच्या वर्षीपासून फायनलची सगळी तिकिटं आधीच विकायची, असं ठरलं. एवढी एक गोष्ट आधी सुचली असती तर घोड्यांवर एवढं काम पडलं नसतं.

त्या दिवशीच्या कृष्णधवल फिल्मवर करडा बिली पांढराशुभ्र दिसला, म्हणून सामन्याचं नाव पडलं ‘व्हाइट हॉर्स फायनल’. नव्याने बांधलेल्या वेम्बली स्टेडियमजवळच्या पादचारी पुलालाही 2005 मध्ये लोकांच्या मतांनी ‘व्हाइट हॉर्स ब्रिज’ हेच नाव मिळालं. गडद रंगाचे घोडे त्या फिल्मवर गर्दीत मिसळून गेले. काम त्यांनीही तेवढंच केलं होतं. त्यांची नावंही त्या पुलावर यायला हवी होती.

स्कोरीला पुढं फायनलची तिकिटं आली. फुटबॉलची त्याला आवड नव्हती. तो गेला नाही.