गणवेशातली मुलं आणि पक्षांचं व्यासपीठ

लेखमाला : शाळेबाहेरचं नागरिकशास्त्र – भाग 6

मुसोलिनीच्या इटलीत स्काउट पथकं कशी बंद पाडली गेली आणि त्यांच्या जागी बालिला या फॅसिस्ट बालसंघटनेची काळ्या शर्टातली मुलं कशी आली, ते मागच्या भागात पाहिलं. हुकूमशहाला स्काउटिंग का खुपतं हे लगेच कळतं. लोकशाहीतला पेच अधिक अवघड आहे. इथे पथकं कुणी बंद करत नाही, पण निवडणुकीच्या राजकारणात वावरणाऱ्या प्रत्येकाला ही गणवेशातली मुलं आपल्या बाजूला उभी असावीत असं वाटतं. अमेरिकेत 2017 या एकाच वर्षी घडलेल्या दोन घटना शेजारी ठेवल्या की हा पेच स्वच्छ दिसतो.

पहिली घटना 24 जुलैची, वेस्ट व्हर्जिनियातल्या राष्ट्रीय जांबोरीची, म्हणजे स्काउटांच्या मोठ्या मेळाव्याची. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हे तिथल्या बॉय स्काउट्सचे मानद अध्यक्ष असतात. संस्थेला 1916 मध्ये संसदेची सनद मिळाली, आणि 1937 मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय जांबोरीत फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः गेले होते. नंतरच्या काळात दोन्ही पक्षांचे अध्यक्ष या मुलांसमोर बोलून गेले. लिंडन जॉन्सन 1964 मध्ये, म्हणजे ऐन निवडणुकीच्या वर्षी, व्हॅली फोर्जला गेले होते. अध्यक्षाला बोलावणं हा पदाचा मान, त्या पक्षाला पाठिंबा नव्हे, अशी ही रीत होती.

2017 मध्ये डोनाल्ड ट्रम्प आले. आयोजकांना धास्ती होती, म्हणून त्यांनी पथकांना आधीच लेखी सूचना दिली होती : सौजन्याने वागा, प्रचारसभांतल्या फूट पाडणाऱ्या घोषणा देऊ नका. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांना तंबी मिळाली आणि वक्ता मोकळा राहिला, हे मला आजही खटकतं. स्काउटांसमोर राजकारण कोण बोलेल, असं म्हणत ट्रम्प यांनी सुरुवात केली आणि पुढे निवडणुकीच्या रात्रीचा विजय, खोट्या बातम्या देणारी माध्यमं, आरोग्यविम्याचा कायदा, सगळं काढलं. ओबामा कधी जांबोरीला आले होते का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मैदानातून हुर्यो उठली. मुलं स्काउट नियम म्हणू लागली आणि निष्ठेचा उल्लेख आला, तेव्हा अशी निष्ठा आपल्याला आणखी हवी, असंही ते म्हणाले.

स्काउट नियमात निष्ठा दुसरी येते, अमेरिकेतही आणि आपल्या भारत स्काउट्स अँड गाइड्समध्येही. पहिलं स्थान विश्वासार्हतेला आहे. अमेरिकी स्काउटला निष्ठेचा अर्थ शिकवतात तो कुटुंब, मित्र, पथकाचे नायक, शाळा आणि देश यांच्याविषयीचा. त्या यादीत कोणताही पक्ष नाही आणि कोणताही नेता व्यक्ती म्हणून नाही. तीन दिवसांनी संस्थेचे मुख्य अधिकारी मायकल सरबॉ यांनी, भाषणात घुसलेल्या राजकीय बोलण्यामुळे दुखावलेल्या स्काउट कुटुंबांची क्षमा मागितली. बोलले अध्यक्ष आणि क्षमा मागितली यजमानांनी.

हा दोष एकाच पक्षाच्या खात्यावर टाकला तर मोठी चूक होईल. जून 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल दिला की समलैंगिक व्यक्तीला पथकाचा नायक म्हणून नाकारण्याचा अधिकार या संस्थेला आहे. त्यानंतर दोनच महिन्यांत लॉस एंजेलिसला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं आणि राष्ट्रध्वज घेऊन आलेल्या स्काउट मुलांची काही प्रतिनिधींनी हुर्यो उडवली. त्या धोरणाला विरोध करायलाच हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण धोरण ठरवलं प्रौढांनी आणि अपमान झेलला ध्वजधारी मुलांनी. पुढे 2013 मध्ये समलैंगिक मुलांना प्रवेश द्यायचं ठरलं, 2015 मध्ये नायकांवरची राष्ट्रीय पातळीवरची बंदी उठली, मग मुली आल्या, 2025 मध्ये नावातला ‘बॉय’ गेला. प्रत्येक वेळी एका बाजूने टाळ्या वाजल्या, दुसरीने संस्था बुडाली असं म्हटलं.

या गदारोळात संस्थेकडचं एक फार मोलाचं साधन झाकलं जातं. ईगल स्काउट हा तिथला सर्वोच्च दर्जा. तिथवर पोहोचायला नागरिकत्वाचे बॅज सक्तीचे असतात. त्यांपैकी स्थानिक समाजाविषयीच्या बॅजसाठी मुलाला नगर परिषदेच्या किंवा शाळा मंडळाच्या सभेला जाऊन बसावं लागतं. तिथे ज्या विषयावर मतभेद झाले असा एक निवडायचा, आणि आपल्याला कोणाचं म्हणणं अधिक पटलं, का पटलं, ते मार्गदर्शकाला सांगायचं. पक्षनिरपेक्ष नागरिक-शिक्षणाचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही. सभेत पाण्याच्या पाइपलाइनवर वाद होतो, कुणाच्या तरी मालमत्ता करावर होतो, आणि चौदा वर्षांच्या मुलाला कळतं की समोरासमोर भांडणारी दोन्ही माणसं गावाचीच आहेत. मुलाने कोणती बाजू घ्यावी हे मार्गदर्शक सांगत नाही, पण बाजू घेताना कारण द्यावंच लागतं.

आता दुसरी घटना. त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, कोलोरॅडोत लहान मुलांच्या एका कब स्काउट गटाने राज्याच्या सिनेटर विकी मार्बल यांना प्रश्नोत्तरांसाठी बोलावलं. एका मुलाने घरून प्रश्न लिहून आणले होते. घरात मारहाण करणाऱ्याच्या हाती बंदूक असावी का, हा त्यांतला एक. आईच्या सांगण्यानुसार, विषय फार राजकीय होता असं कारण देत गटाच्या नायकाने त्याला पुन्हा न येण्यास सांगितलं. वरच्या कार्यालयाने त्याच्यासाठी दुसऱ्या गटाची सोय केली, पण मूळ निर्णय तर होऊन गेला होता.

जुलैत हजारो मुलांसमोर पक्षाचं राजकारण खुशाल चाललं, कारण बोलणारा मोठा होता आणि मुलांकडून फक्त प्रतिसाद हवा होता. ऑक्टोबरमध्ये एका मुलाने लोकप्रतिनिधीला कायद्याविषयी विचारलं, तर ते राजकारण ठरलं. संस्थेच्या नियमांत चळवळीला राजकारणात न ओढण्याची अट आहे आणि ती योग्यच आहे. पक्षाच्या मंचावर गणवेशातली मुलं शोभेसाठी बसवू नयेत, हा त्या अटीचा गाभा. पण निवडून आलेल्या माणसाला प्रश्न विचारणं त्या अटीने रोखलेलं नाही. ते बॅजच्या अभ्यासक्रमातलं काम आहे.

आपल्याकडे शाळाशाळांतून स्काउट-गाइडची मुलं मंत्र्यांच्या स्वागताला उन्हात दुतर्फा उभी केली जातात. त्यांच्या हाती फुलं दिली जातात. त्यांच्यापैकी दोघांना पाहुण्यांना दोन प्रश्न विचारू द्यावेत, असं क्वचितच एखाद्या मुख्याध्यापकांच्या मनात येतं. दोष मुख्याध्यापकांचा कमी आणि बदलीच्या भीतीचा जास्त असतो, पण मुलं शिकायचं ते शिकून जातात.

भारतातली स्काउट संघटना आणि पक्षीय सत्ता यांचं नातं पुढच्या भागात. त्याची सुरुवात सप्टेंबर 2017 मधल्या तमिळनाडूच्या एका निवडणुकीने करू. तिथल्या स्काउट्स अँड गाइड्सच्या अध्यक्षपदासाठी भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय सचिव एच. राजा उभे राहिले होते, आणि शिक्षण खात्यात काम केलेल्या पी. मणी यांनी त्यांना हरवलं होतं.