मालकाचा फोन, चालकाचा मेंदू

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला ट्रक पांढरकवड्याच्या आसपास आला, की चालकाचा फोन वाजतो. ‘कुठं पोहोचला?’ पलीकडे कधी मालक असतो, कधी ट्रान्सपोर्टवाला, कधी मालाची वाट पाहणारा व्यापारी. कानात ब्लूटूथ असल्यामुळे चालकही बिनधास्त बोलतो. हात स्टिअरिंगवर आहेत, डोळे रस्त्यावर आहेत, मग बिघडलं कुठं?

बिघडतं ते मेंदूत. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी टोरांटो शहरात टकरीत सापडलेल्या 699 चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या होत्या. फोनवर बोलताना टक्कर होण्याचा धोका साधारण चौपट निघाला. हँड्सफ्री वापरणारेही त्यातून सुटले नव्हते. ही गोष्ट 1997 ची.

असं का होतं, याचा छडा पुढे युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी लावला. सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्यांची नजर नेमकी कुठे पडते, हे त्यांनी यंत्राने टिपलं. फोनवर बोलणाऱ्यांची नजर रस्त्याकडेच्या फलकांवर पडत होती, पण नंतर विचारलं तर त्यातले कितीतरी फलक त्यांना ओळखता येईनात. म्हणजे डोळ्यांनी पाहिलं, पण मेंदूने दखलच घेतली नाही. 2008 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात गाडी चालवता चालवता नुसतं ऐकणाऱ्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग झालं. ऐकलेलं वाक्य खरं की खोटं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. तेवढ्यानेही अंतर आणि दिशा यांचा हिशेब ठेवणाऱ्या भागाचं काम 37 टक्क्यांनी घटलं.

आता हा हिशेब आपल्या रस्त्यावर मांडू. ताशी 80 किलोमीटर वेगाचा ट्रक सेकंदाला 22 मीटर जातो. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी 11 मीटर जास्त पुढे गेलेली असते. टिपेश्वरच्या जंगलाकडून रात्री आडवा येणारा रोही, शेतातून निघालेली कापसाची बंडी, उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, यांच्यासाठी ते 11 मीटर फार मोठे असतात. मेसेजचं प्रकरण तर आणखी वाईट. अमेरिकेत ट्रकच्या केबिनमध्ये कॅमेरे लावून झालेल्या एका मोठ्या पाहणीत, मेसेज करणाऱ्या चालकाची नजर दर 6 सेकंदांपैकी 4.6 सेकंद रस्त्यावरून हटलेली दिसली. आपल्या 80 च्या वेगाला हे म्हणजे शंभर मीटर न बघता जाणं.

मग शेजारी बसून गप्पा मारणाऱ्या क्लीनरचं काय? तोही स्ट्रेयर यांच्या गटाने तपासलेला प्रश्न आहे. शेजारच्याला रस्ता दिसत असतो. ओव्हरटेक चालू असला की तो गप्प बसतो, समोर काही आलं की तोच ओरडतो. फोनवरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. चालक घाटात आहे की गर्दीत, हे ठाऊक नसताना तो भाड्याचा हिशेब विचारत राहतो.

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम 184 हातात मोबाइल धरून गाडी चालवणं धोकादायक ठरवतं. 2020 पासून फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही लक्ष विचलित न होता, मोबाइल वापरायची मुभा आहे. शिवाय अशा गुन्ह्याला उत्तेजन देणाऱ्यालाही कलम 188 मध्ये तीच शिक्षा सांगितली आहे. अमेरिकेत तर 2012 पासून व्यावसायिक चालकाने हातात फोन धरला, तर त्याच्यासोबत त्याच्या कंपनीलाही दंड होऊ शकतो. आपल्याकडे मात्र दंडाची पावती बहुधा एकट्या चालकाच्याच हातात पडते.

खरं तर मालकाला फोन करायची गरजही उरलेली नाही. केळापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले गेले, की खात्याला जोडलेल्या मोबाइलवर संदेश येतो. हे खातं बहुधा मालकाचंच असतं. अनेक ट्रकांना जीपीएसही आहे. म्हणून मालकांनी आणि व्यापाऱ्यांनी एवढं करावं: चालकाला फोन लावलाच, तर पहिला प्रश्न ‘गाडी चालू आहे का?’ हा असू द्यावा. उत्तर ‘हो’ आलं, तर पुढचं काही न बोलता फोन ठेवावा. गाडी थांबल्यावर चालक स्वतःच फोन करेल.