‘कुलकर्णी’ : एका आडनांवाची कुळकथा

आमच्या शेजारच्या घरीं गेल्या वर्षीं एका मुलीच्या लग्नाचीं बोलणीं चाललीं होतीं. मुलगी कुलकर्ण्यांची आणि मुलगाहि कुलकर्ण्यांचाच. शिक्षण, वय, स्वभाव, सारें जुळलें; परंतु मुलीच्या वृद्ध आजीबाईंनीं स्थळाचें आडनांव ऐकतांच जपाची माळ बाजूस ठेवली आणि मुलाला विचारलें, “अरे, भावकींत का कोणी मुलगी देतो?” घरांतील सुशिक्षित मंडळी प्रथम हसली, पण आजीबाईंना नेमकें उत्तर द्यावयाची वेळ आली तेव्हां तें कोणालाच सुचेना. चांगलें जुळत आलेलें लग्न एका आडनांवावर अडून बसलें. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं किंवा सोयऱ्यांत हें आडनांव असणारच. तेव्हां त्याची कुळकथा एकदां नीट पाहून ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं.

‘कुळ’ हा शब्द आपण दोन अर्थांनीं वापरतों. एक वंश, आणि दुसरा, जमीन कसून सारा भरणारा शेतकरी. ‘कुलकर्णी’ ह्या नांवांतील कुळ हें सामान्यतः ह्या दुसऱ्या अर्थाचें मानतात. ‘करण’ म्हणजे लेखन किंवा हिशेब. म्हणजे कुळांचा हिशेब लिहिणारा तो कुलकर्णी. हें नांव मुळांत वंशाचें नव्हे, तर कामाचें आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील सर्व उलगडा आपोआप होतो.

जुन्या ग्रामव्यवस्थेंत पाटील हा गांवचा मुख्य. वसुली आणि बंदोबस्त त्याच्याकडे. लेखणी मात्र कुलकर्ण्याकडे. कोणतें शेत कोणाचें, यंदा पेरा किती, सारा किती बसला, किती फिटला आणि बाकी किती राहिली, हें सारें तो बोरूनें मोडी अक्षरांत उतरून घेई व कागद रुमालांत बांधून घरीं जपून ठेवी. पाटलाची निशाणी नांगर. त्या नांगराभोंवतींचा मजकूर कुलकर्ण्याच्या हातचा. परगण्याच्या ठिकाणीं जें नातें देशमुख-देशपांड्यांचें, तेंच गांवच्या चावडीवर पाटील-कुलकर्ण्यांचें.

हें काम वंशपरंपरेचें वतन होतें. बापामागें मुलगा दप्तर संभाळी. पुढें भाऊ वाढले, वतनाचे हिस्से पडले; चाकरी पाळीपाळीनें एकानें करावी, पण कुलकर्णी मात्र सगळ्यांनींच म्हणवून घ्यावें, असें होऊं लागलें. शिवाय एका गांवच्या कुलकर्ण्याचा दुसऱ्या गांवच्या कुलकर्ण्याशीं रक्ताचा संबंध असण्याचें कांहींच कारण नव्हतें. वटवृक्ष एका बुंध्यापासून पसरतो, तसें हें नांव पसरलेलें नाहीं. गांवोगांवच्या चावड्यांवर तें स्वतंत्रपणें रुजलें, म्हणून तें इतकें दाट दिसतें.

देशावर आणि मराठवाड्यांत हें नांव विपुल आहे; तसेंच बेळगांव, धारवाड, विजापूर ह्या भागांतहि. त्याच्या दक्षिणेस हेंच काम करणाऱ्याला कन्नड मुलुखांत शानभोग आणि तेलुगु मुलुखांत करणम् म्हणत, व त्या शब्दांचींहि तिकडे आडनांवें झालीं. कोकणांत खोतीचा अंमल मोठा. त्यामुळें तेथें कुलकर्णी त्यामानानें विरळ. गोव्यांत गांवकरीचा लेखनिकहि कुलकर्णी म्हणूनच ओळखला जाई. देशस्थांत हें नांव सर्वांत अधिक असलें तरी कऱ्हाडे, कोकणस्थ, सारस्वत आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभु ह्यांच्यांतहि तें आढळतें. भाषेचें बंधनहि त्याला नाहीं. ‘गळगनाथ’ ह्या नांवानें प्रसिद्ध असलेले व्यंकटेश तिरको कुलकर्णी (१८६९–१९४२) हे कन्नड कादंबरीकार; हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या त्यांनीं कन्नडांत नेल्या. उलट जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) ह्यांनीं धारवाडास अध्यापन करीत मराठी कथा लिहिली.

आणखी एक गोष्ट. ज्यांच्या घरीं कुलकर्ण होतें, ते सारेच कुलकर्णी म्हणवीत असें नाहीं. समर्थ रामदासांच्या घराण्याकडे जांब गांवचें कुलकर्ण होतें. परंतु घराण्याचें उपनांव ठोसर. ज्ञानेश्वरांचे पूर्वज आपेगांवचे कुलकर्णी होते असें परंपरा सांगते; पण ज्ञानेश्वरांना आपण आडनांवानें ओळखीत नाहीं. त्या काळीं मनुष्याची ओळख स्वतःचें व बापाचें नांव सांगून पटे. पुढें इंग्रजी अमदानींत शाळा, कोर्ट व सरकारी नोकरी ह्यांच्या दप्तरांत आडनांव कायमचें नोंदवावें लागलें. तेव्हां कोणीं जुनें उपनांव सांगितलें, कोणीं वतनाचें नांव सांगितलें, तर कोणीं गांवाला ‘कर’ जोडला. म्हणून एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन आडनांवांनीं नांदतांना दिसतात. आडनांव एक म्हणजे भावकी, हा समज जितका चुकीचा, तितकाच आडनांव निराळें म्हणजे परकें, हाहि चुकीचाच.

येथें ह्या नांवाची दुसरी बाजूहि मोकळेपणानें सांगितली पाहिजे. जेथें गांवांत लिहितांवाचतां येणारा एखादाच, तेथें तो जें लिहील तेंच खरें ठरतें. ह्या सत्तेचा दुरुपयोग अनेक ठिकाणीं झाला आणि त्याचा जाच रयतेला सोसावा लागला. महात्मा फुले ह्यांनीं १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथांत त्यावर कठोर प्रहार केले. मुकुंदराव पाटील ह्यांनीं १९१३ सालीं ‘कुलकर्णी-लीलामृत’ हें विडंबनकाव्य लिहिलें. आपल्या घरांतून हीं पुस्तकें रागानें दूर सारलीं जातात. तीं शांतपणें वाचावीं, असें मला वाटतें. पूर्वजांच्या सुंदर मोडी अक्षराचा अभिमान बाळगावयाचा, तर त्या अक्षरांनीं ज्याचें शेत गेलें त्याची तक्रारहि ऐकून घेतली पाहिजे.

काळानें तिची दखल घेतलीच. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कुलकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यांत १९५० सालीं कायदा होऊन १ मे १९५१ पासून हीं वतनें संपलीं. त्याच सुमारास, १९४८ सालीं गांधीजींच्या हत्येनंतर पश्चिम महाराष्ट्रांत ब्राह्मणांचीं घरें जाळलीं गेलीं आणि कित्येक कुटुंबांनीं गांव कायमचा सोडला. कुळकायदाहि १९४८ चाच. त्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारीं कुळें जमिनीचीं मालक ठरलीं. ज्या कुळांचे हिशेब लिहून हें नांव मिळालें, त्या कुळांच्या हातीं जमीन आली, आणि नांव धारण करणारे पुणें, मुंबई, हुबळी व त्याहिपलीकडे गेले. कुरुंदवाड येथें १९५६ सालीं जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आज कॅलिफोर्नियांत ताऱ्यांचा अभ्यास करतात. २०२४ सालीं त्यांना खगोलशास्त्राचें शॉ पारितोषिक मिळालें. काम गेलें, वतन गेलें. नांव तेवढें उरलें.

आतां आजीबाईंच्या प्रश्नाकडे वळूं. भावकी ठरवावयाची तर आडनांवावरून नव्हे. गोत्र, कुलदैवत आणि मूळगांव पाहून. तशी चौकशी केली तेव्हां मुलीकडचें गोत्र कौशिक, मूळगांव सातारा प्रांतीं आणि देव जेजुरीचा खंडोबा. मुलाकडचें गोत्र काश्यप, गांव विजापूरकडचा आणि देवी बदामीची बनशंकरी, असें निघालें. आजीबाईंचें समाधान झालें व लग्न थाटांत पार पडलें.

मात्र त्या चौकशींत एक गोष्ट सर्वांच्या ध्यानांत आली. हें सांगूं शकणारी त्या घरांत एकट्या आजीबाईच होत्या. मूळगांव कोणता, देव कोणता, जुनें उपनांव कांहीं होतें काय, हें मुलांना ठाऊक नव्हतें. म्हणून रुखवतांत लाडू-चिरोट्यांच्या शेजारीं एक नवी वही मांडलेली होती. आजीबाईंनीं सांगावें आणि नातीनें लिहावें, अशी दोन महिने रोज थोडी थोडी करून ती भरली होती. आपल्याहि घरीं कोणी वडीलधारें असेल तर अशी एक वही आजच आणावी.