‘चेक इंजिन’चा दिवा लागला तर
सिग्नलला उभी पेट्रोल गाडी थरथरते आणि दिवा लागतो, तेव्हा स्कॅनरवर बहुधा मिसफायरचा कोड दिसतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर. पण दोष प्लगचा, कॉइलचा की इंजेक्टरचा, हे त्यातून कळत नाही. लगेच नवे पार्ट घेऊ नका. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर इंजिन थंड असताना पहिली आणि तिसरी कॉइल अदलाबदल करा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी ०३०३ आला, तर कॉइलच खराब. सोबत पी ०१७१ असेल, तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय; आधी व्हॅक्यूमचे पाइप फाटलेत का ते पाहा. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी मुळीच ताणू नका: न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करतं, आणि तो फार महाग पडतो.