‘मर’ या एका शब्दाखालील दोन रोग

चाकणचे कारखाने ज्यात आहेत त्या खेड तालुक्यात भुईमुगाचे रोप अकाली वाळले की शेतकरी ‘मर लागली’ असे म्हणतो. या एका संज्ञेखाली परस्परविरुद्ध परिस्थितीत बळावणाऱ्या दोन बुरश्या येतात. मॅक्रोफोमिना फॅसिओलिना ही बुरशी सुमारे ३५ अंश सेल्सियसपर्यंत तापलेल्या, कोरड्या जमिनीत फोफावते. मुळे काळी पडून त्यांची साल सुटते. उलटपक्षी, स्क्लेरोशियम रॉल्फ्सी ही उबदार, ओलसर जमिनीत न कुजलेल्या पालापाचोळ्यावर पोसते. बुंध्याशी पांढरे तंतू व मोहरीएवढे तपकिरी गोळे दिसतात. पहिल्या रोगात वेळेवर दिलेले पाणी उपकारक, तर दुसऱ्यात साचलेले पाणी अपायकारक ठरते. म्हणून उपायापूर्वी रोप उपटून पाहणे, आणि ‘मूळकूज’ व ‘खोडकूज’ या संज्ञा काटेकोरपणे भिन्न राखणे अगत्याचे होय.